बारा तास पंचवीस मिनिटं

२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे न उघडताच टाकून द्यावं असं तुला वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. आई आता फार दिवस नाही. हृदय जेमतेम पाव चालतंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "दोन आठवडे, फार तर तीन." आत आलो तर आईने विचारलं, "किती म्हणाला?" मी म्हटलं, महिनाभर पडून राहायला सांगितलंय. ती म्हणाली, "तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही." तिला काय ठाऊक मला किती छान जमतं ते.

फोन करत नाही, कारण माझे दोन्ही नंबर तू बंद करून टाकलेस. हिच्या फोनवरून केला, तोही बंद. माझ्या बायकोने तुझं काय घोडं मारलंय कुणास ठाऊक. आणि आई स्वतः करत नाही. "तिनं करावा" हे तिचं सहा वर्षं एकच पालुपद. तुम्ही दोघी एका मातीच्या, हेकट.

टपालाने तुझ्याकडे पत्र पोचायला अकरा दिवस लागतात, तेवढे माझ्याजवळ नाहीत. हे आमच्या एका कॅप्टनच्या हाती देतोय. ऑफिसात त्यांना सगळे पेन्सिल म्हणतात, कारण कॉम्प्युटरने काढलेलं इंधन ते अजूनही पेन्सिलीने कागदावर ताडून बघतात. त्यांच्यासमोर नाही म्हणत, अर्थात. उतरल्यावर ते हॉटेलच्या कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकतील, दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात. नियमात बसत नाही. बसवलंय.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. सगळ्यांना सांगायचीस, "भाऊ विमानतळावर असतो", जसा काही मी बॅगा उचलतो. मी विमानांचा रस्ता आखतो. वर वारा किती, इंधन किती लागेल, कुठून वळायचं, खाली उतरता आलं नाही तर दुसरं विमानतळ कुठलं. कागदावर कॅप्टनची आणि माझी अशा दोन सह्या झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. तुझ्या शहरापासून आपलं शहर सरळ रेषेत अकरा हजार सहाशे चाळीस किलोमीटर. पण सरळ रेषेत कुणाला येता येत नाही. मध्ये एका देशाचं आकाश बंद आहे, त्याला वळसा घातला की बारा हजार तीनशे. इथून तिकडे जायला चौदा तास चाळीस मिनिटं, तिकडून इथे यायला साधारण बारा पन्नास. अंतर तेच, पण वरचा वारा येणाऱ्याला ढकलतो आणि जाणाऱ्याला अडवतो.

हे आकडे कशाला सांगतोय ते तुला कळलं असेल. बाबा गेले त्या संध्याकाळी तू तिकडच्या विमानतळावरून फोन केलास, "मी किती वाजता पोचेन?" मी म्हटलं, अकरा चाळीसला उतरशील, घरी यायला एक वाजेल. बारा वर्षं मी जाणाऱ्या विमानांच्याच टेबलावर होतो. चौदा चाळीस हा आकडा तोंडात बसलेला, तोच बाहेर पडला. आमच्या धंद्यातला माणूसच करील अशी चूक. त्यात नेमका वारा जोराचा. तुझं विमान बारा तास पंचवीस मिनिटांत आलं. तू पावणेअकराला घराशी आलीस, आणि आम्ही साडेनऊलाच बाबांना घेऊन निघालो होतो. स्मशानात सकाळचीच वेळ मिळत होती, एक वाजेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा तू जिन्यात बॅगेवर बसली होतीस. समोरच्या काकूंनी दिलेला पाण्याचा पेला हातात, भरलेलाच.

तर ही एवढी चूक. ती माझी आहे, आईची नाही. तिला कशाला शिक्षा? ये.

तुझा भाऊ


८ जानेवारी

ताई,

पत्र पेटीत टाकलं असं पेन्सिल म्हणतात, आणि तो माणूस साधी बेरीजसुद्धा दोनदा करतो, म्हणजे टाकलंच. म्हणजे ते तुला मिळालं, तू वाचलंस, आणि गप्प बसलीस. छान.

आईचा पलंग आता खिडकीशी हलवलाय. पाय सुजलेत, रात्री आडवं होता येत नाही, उशा रचून बसवून ठेवतो. सकाळी मी आत गेलो की आधी विचारते, "आज वारा कसा आहे?" पहिल्यांदा मला वाटलं खिडकीबद्दल विचारते आहे, मी खिडकी लावायला गेलो. तर म्हणाली, "तो नाही रे. वरचा." तुला पत्र लिहिलंय हे माझी बायको तिला बोलून गेली होती. तेव्हापासून रोज तिला वाऱ्याचा आकडा लागतो. आज एकशे साठ म्हटलं की मान हलवते, जसं काही तूच तो अंगावर घेऊन निघाली आहेस.

मी तुझ्या पाया पडत नाहीये, हे लक्षात ठेव. मला बोलायचंय ते बोलतो.

बाबांची शेवटची दोन वर्षं कुणी काढली? त्यांना न्हाऊ कोण घालत होतं, कूस कोण बदलत होतं, रात्री चादरी कोण धूत होतं? मी आणि ही. आणि बाबांचं चित्त कुठे, तर रविवारच्या तुझ्या फोनमध्ये. अर्धा तास आधीपासून, "बघ रे, फोन नीट ठेवलाय ना?" मी भरवत असलो तरी घास तोंडात तसाच, कान फोनकडे. डॉक्टर काही विचारू देत, घराचं काही ठरवायचं असू दे, उत्तर एकच, "मुलगी आली की बघू." मी समोर बसलेला असायचो, ताई. दाढी करत असायचो त्यांची.

आणि गेले त्या दिवशीही तेच. मामा, काका, शेजारी, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. ताई कधी येणार, ताईला कळवलं का, ताईचं विमान कुठे आलं. माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला असेल तर शपथ.

आणि समजा, मला सकाळी वेळ कळलीही असती, तरी घरात तीस माणसं, गाडी ठरलेली, सगळं एवढं हलवता आलंच असतं असं नाही. तू आलीस आणि सगळ्यांसमोर मी म्हणालो, "उशीर केलास." ते बोलायला नको होतं. पण तू तरी काय केलंस? माझ्याकडे बघितलंच नाहीस. आईकडे बघितलंस. ती काही बोलली नाही, तेवढ्यावर तू बॅग उचललीस आणि त्याच संध्याकाळच्या विमानाने परत. सहा वर्षं तू तिच्या त्या गप्प बसण्यावर रुसून बसली आहेस.

हे पत्रही पेन्सिलच नेतायत, अकरा तारखेपर्यंत ते तिकडे असतील. हॉटेलचा पत्ता खाली देतो. उत्तर द्यायचं तर तिथे काउंटरवर ठेव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

भाऊ


१३ जानेवारी

ताई,

माझ्याच पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली तुझी एक ओळ मिळाली. "आईने थांबा म्हटलं होतं का?" खाली सही नाही, काही नाही. आणि माझ्या पत्रातल्या 'समजा' या शब्दाभोवती पेनाने गोल करून तो कागद परत पाठवलास. लहानपणी माझी शुद्धलेखनाची वही अशीच परत द्यायचीस.

हो. म्हटलं होतं.

काल दिवसभर ही एवढीच ओळ लिहून बसलो होतो. आता बाकीचं सांगतो, मध्ये थांबलो तर परत लिहिणार नाही.

संध्याकाळी फोनवर तुला चुकीची वेळ सांगितली, ती खरोखर चूक होती. त्याबद्दल मी खोटं बोललेलो नाही. पण सकाळी साडेसहाला मी तोंड धुऊन फोन बघितला. आमच्याकडे विमान सुटलं की पोचण्याच्या वेळेचा संदेश येतो, तुझ्या विमानाचाही आला होता. नऊ पंचवीस. आकडा बघताक्षणी मला माझी चूक कळली. मोरीच्या दारात उभा होतो, टॉवेल खांद्यावर. नऊ पंचवीसला उतरणार म्हणजे पावणेअकराला घरी. मला हिशेब करायला सेकंदसुद्धा लागला नाही, मला लागत नाही.

सातला मामांनी विचारलं, "वेळा दोन आहेत, दहाची आणि साडेअकराची. कुठली सांगू?" ताई, साडेअकराची होती. मागच्या पत्रांत मी हे लिहिलं नव्हतं.

मी म्हटलं, दहाची.

आई आतून आली. तिला धरून आणलं होतं. म्हणाली, "ताईसाठी थांबूया ना रे. थोडं थांबलं तर नाही का चालणार?" मी म्हटलं, "आई, तिला एक वाजणार. एक वाजेपर्यंत नाही थांबवता येत कुणाला." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला त्यातलं कळतं." आणि आत जाऊन बसली. विमानाच्या वेळेवर माझ्याशी वाद कोण घालणार? घरातला तज्ज्ञ मी.

का केलं विचारशील. मोठं काही कारण नाही. मला एवढंच वाटलं की आजचा एक दिवस बाबा माझे असावेत. तू आली असतीस की सगळे तुझ्याकडे धावले असते, तू रडली असतीस, सगळे तुझ्याबरोबर रडले असते, आणि मी गाड्या आणि हारतुरे बघत फिरलो असतो. दीड तास थांबायचं होतं फक्त. मी नाही थांबलो. मी मुद्दाम नाही थांबलो.

आई त्या दिवशी गप्प राहिली कारण तिला वाटलं, मुलगी खरंच लवकर पोचली आणि आपण तिच्यासाठी थांबलो नाही. आता कुठल्या तोंडाने बोलायचं. मला विचारलं तिने नंतर, एकदाच. मी म्हटलं, वारा. तिने ते धरून ठेवलं. आजही रोज विचारते ना, ती त्याच वाऱ्याची चौकशी करते.

काल रात्री मी तिला सगळं सांगितलं. तुला लिहिण्याआधी तिला सांगायला हवं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला लिही." आणि थोड्या वेळाने, "आज माझ्याजवळ बसू नकोस." आज सकाळी बसू दिलं.

माझ्यावर थुंकलीस तरी चालेल, पण ये. तिने तुझ्यासाठी सगळ्यांना थांबवायचा प्रयत्न केला होता. मी तिला फसवलं.


२० जानेवारी

ताई,

ऑफिसच्या पत्त्यावर तुझा निरोप आला. तारीख आणि विमानाचा नंबर, बस. मी तो छापून घेऊन घरी नेला आणि आईला वाचून दाखवला. तिने कागद उशीखाली ठेवलाय. बावीस तारखेच्या आधी निघाली असतीस तर बरं झालं असतं, पण वेळेच्या बाबतीत तुला काही सांगायचा हक्क मी घालवून बसलोय.

हे पत्र तुला विमानातच मिळेल. पेन्सिल स्वतः ते विमान आणतायत, जागेवर येऊन हातात देतील. चिडू नकोस त्यांच्यावर, भला माणूस आहे.

आईचं खरं खरं सांगतो. काल दुपारपासून ऑक्सिजन लावलाय. घरीच आहे, हॉस्पिटल नको म्हणाली. डॉक्टर आता दिवसांत बोलत नाहीत. जाग आली की शुद्धीत असते, तुझ्याबद्दलच बोलते. तुझ्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलवायला लावलं. तो येऊन गेला, पंखा अजून आवाज करतो.

तुझं विमान तेवीसला सकाळी मी बघणार आहे. आता मी येणाऱ्या विमानांच्या टेबलावर असतो, वर्षभर झालं, मीच मागून घेतलं. शेजारचा सहकारी म्हणाला, तुझी बहीण आहे त्यात, आई अशी आजारी, हे विमान मी घेतो. मी नाही म्हटलं. का, ते मला धड सांगता येणार नाही. तुझ्या वेळेला पुन्हा कुणी दुसऱ्याने हात लावू नये असं वाटलं, किंवा माझ्यावरच माझा विश्वास आहे का ते बघायचंय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या दिवसांत इथे सकाळी धुकं पडतं. आजच सात ते दहा काही दिसत नव्हतं. तेवीसला पडलं, तर विमान वर घिरट्या घालील. त्यासाठी मी नेमापेक्षा वीस मिनिटांचं इंधन जास्त टाकतोय, त्याहून जास्त टाकलं तर सामान उतरवावं लागतं. ते संपत आलं आणि धुकं हटलं नाही, तर विमान दुसरीकडे न्यावं लागेल. तिथून रस्त्याने चार तास वीस मिनिटं. ती वेळ आली तर मी कुणाची बहीण आत आहे ते बघू शकत नाही. तू बघायला लावू नकोस.

नाही पडणार. आठवड्यातून तीन दिवस पडतं, चार दिवस नाही.


२३ जानेवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं

ताई,

हे तुला तिथल्या आमच्या माणसाने छापून आणून दिलंय. तुझ्या फोनवर माझा नंबर अजून बंद आहे, मी करून बघितला. बंद नसता तरी मी लिहिलंच असतं. तोंडाने सांगताना माझी जीभ भलतीकडे वळते, तुला माहीत आहे.

तू बसली आहेस तिथेच बसून वाच.

विमान मी वळवलं.

सकाळी सहाला आलो तेव्हा स्वच्छ होतं. सव्वासातला धुकं उतरलं, आठला धावपट्टीची टोकं दिसेनाशी झाली. हवामानवाले म्हणाले साडेदहाला हटेल. तुम्ही नऊ पंधराला वर आलात. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. नऊ सत्तेचाळीसला पेन्सिलांचा संदेश आला. ते कधी कामाबाहेरचा शब्द लिहीत नाहीत. आज लिहिलं, "बहीण चौदाव्या रांगेत आहे. तिने पत्र वाचलं. अजून वीस मिनिटं थांबतो, राखीव इंधनातून. तू हो म्हण."

ताई, मी टाइप केलं होतं. "हो" टाइप केलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. वीस मिनिटांत धुकं हटलं असतं तर वाहवा. नसतं हटलं तर तुम्ही दोनशे त्रेचाळीस माणसं अशा इंधनावर दुसरीकडे निघाला असतात की तिथे एकाच फेरीत उतरावं लागलं असतं, दुसरी मिळाली नसती. घरून हिचा फोन येत होता, मी घेत नव्हतो. घेतला असता तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. ते "हो" मी पुसलं आणि लिहिलं, "नाही. आता वळवा." त्यांनी लगेच वळवलं.

आता पुढचं. हे तुला दुसऱ्या कुणी सांगणार नाही आणि मी नाही सांगितलं तर तुला कधीच कळणार नाही.

धुकं दहा वाजून पाच मिनिटांनी हटलं. पडदा ओढावा तसं. तुमच्या मागून आलेलं विमान दहा चौदाला इथे उतरलं. मी हो म्हटलं असतं तर तुम्हीही उतरला असतात. तू सव्वाअकरा, फार तर साडेअकराला घरात असतीस.

आई अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी गेली.

मी सव्वादहाला टेबल सहकाऱ्याकडे दिलं आणि पळत सुटलो, अकराला घरी पोचलो. ती जागी होती. मास्क तिनेच बाजूला केला. विचारलं, "उतरली?" तुम्ही दहा पस्तीसला तिथे उतरला होतात. मी म्हटलं, "हो आई, उतरली." तिने डोळे मिटले, पण चेहरा जागाच होता. हात माझ्या हातात होता. कुठे उतरली ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. या सगळ्यात एवढी एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली. ती बरोबर होती का चूक, ते तू ठरव.

तुला वाटेल, याने परत तेच केलं. वाटू दे. मी तुझ्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, आणि याच्या उलट काही सिद्ध करता येईल असं माझ्याजवळ काही नाही. मी आज सकाळी जे केलं ते उद्याही करीन, आणि मला ते जन्मभर सहन होणार नाही. दोन्ही खरं आहे.

मला रडू येतंय ताई, आणि तुझ्याशिवाय कुणासमोर रडावं असं माणूस आता मला उरलेलं नाही, हे मी आज शिकलो.

पेन्सिलांची कामाची वेळ संपली, म्हणून विमान आज परत उडणार नाही. बाकीच्यांना बसने आणतील. तुझ्यासाठी दाराशी वेगळी गाडी उभी आहे. पेन्सिल स्वतः तुझ्यासोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं नाही. मामांनी मघाशी विचारलं, किती वाजताची वेळ सांगू. मी म्हटलं, ताई आल्यावर ती सांगेल.

चार तास वीस मिनिटांचा रस्ता आहे. गाडीवाल्याला सांगितलंय, सावकाश चालव.